खासदारकी रद्द होणे

संसदेच्या सदस्याचे पद मुदतीआधी संपणे म्हणजे खासदारकी रद्द होणे. लोकसभेची मुदत पाच वर्षांची, राज्यसभा सदस्याची सहा वर्षांची. त्याआधी पद कसे जाते हे संविधानाचे अनुच्छेद १०१ ते १०३, दहावी अनुसूची (पक्षांतरबंदीचे नियम) आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यांत सांगितले आहे. निर्णय न्यायालय, राष्ट्रपती, पीठासीन अधिकारी (लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती) किंवा खुद्द सभागृह घेते. ज्याने निवडून दिले त्या मतदाराला तक्रार करता येते, खाली खेचता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा फरक चटकन जाणवतो. इथले मतदार नाशिक, दिंडोरी आणि धुळे अशा तीन मतदारसंघांत विभागलेले आहेत. गावात सरपंच नकोसा झाला तर सदस्य अविश्वास ठराव आणू शकतात आणि थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत प्रश्न ग्रामसभेपुढेही जातो. खासदारासाठी अशी तरतूदच नाही. प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क द्यावा, ही मागणी जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात लावून धरली होती. २०१६ मध्ये वरुण गांधी यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. कायदा मात्र झाला नाही.

आज सर्वांत धाक आहे तो शिक्षेचा. १९५१ च्या कायद्याच्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली की सदस्य अपात्र ठरतो आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे त्याला निवडणूक लढवता येत नाही. भ्रष्टाचारासारख्या काही गुन्ह्यांत नुसता दंडही पुरतो. पूर्वी पदावरील सदस्याला अपिलासाठी तीन महिन्यांची मुभा होती. ती देणारे पोटकलम सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात रद्द केले. त्याच वर्षी राज्यसभेचे रशीद मसूद आणि लोकसभेचे लालूप्रसाद यादव यांची पदे गेली. सामान्य उमेदवाराला एक नियम आणि खासदाराला दुसरा, हा भेद त्या निकालाने मिटवला. या विषयातला तो सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणावा लागेल.

त्यानंतर सारे दोषसिद्धीच्या स्थगितीवर येऊन ठेपले. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी अपात्रता लागली नसती, याकडे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष वेधले आणि ४ ऑगस्टला दोषसिद्धी स्थगित केली. ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळाले. नुसती शिक्षा स्थगित होऊन किंवा जामीन मिळून पद वाचत नाही. आमदारांनाही हेच कलम लागू आहे. नाशिकच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ रोजी सिन्नरचे आमदार व तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना १९९५ च्या सदनिका प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा शहरात पहिली चर्चा झाली ती आमदारकीचीच. मार्चमध्ये सत्र न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. प्रकरण नंतर वरच्या न्यायालयांत गेले.

सभागृह स्वतःही सदस्याला काढू शकते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेने दहा आणि राज्यसभेने एका सदस्याची हकालपट्टी केली. त्यांत नाशिक विभागातलेच दोघे होते: एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. हा अधिकार संसदेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये राजाराम पाल खटल्यात मान्य केले. हकालपट्टी झालेल्याला पुन्हा निवडणूक लढवता येते. डिसेंबर २०२३ मध्ये काढल्या गेलेल्या महुआ मोइत्रा २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून परत आल्या. निलंबन ही वेगळी गोष्ट. त्याच डिसेंबरात १४६ खासदार निलंबित झाले, पण पद कोणाचेच गेले नाही.

निवडणुकीत भ्रष्ट मार्ग वापरला असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते आणि ती साधा मतदारही करू शकतो. १९७५ मध्ये इंदिरा गांधी यांची निवड अलाहाबाद उच्च न्यायालयाने अशाच याचिकेवर रद्द केली. शेजारच्या नगरमध्ये १९९१ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब विखे पाटील यांनी यशवंतराव गडाख यांच्याविरुद्ध दाद मागितली. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटी विधाने केल्याच्या कारणावरून गडाखांची निवड रद्द झाली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

पक्षांतराची बंदी १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आली. पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाते. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केले तर मात्र संरक्षण मिळते. एक तृतीयांश फुटीची जुनी पळवाट २००३ मध्ये बंद झाली. खरी अडचण निर्णय देणाऱ्याची आहे. अध्यक्ष किंवा सभापती बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात आणि कायद्यात त्यांना कालमर्यादा नाही. साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. तरीही २०२२ मधील शिवसेना फुटीच्या याचिकांवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय यायला १० जानेवारी २०२४ उजाडला आणि अपात्र कोणीच ठरले नाही. खासदारांच्या बाबतीतही नियम हेच आहेत.

लाभाचे पद (सरकारकडून आर्थिक फायदा मिळवून देणारे पद), दिवाळखोरी किंवा नागरिकत्व गमावणे या कारणांवर राष्ट्रपती निवडणूक आयोगाच्या मतानुसार निर्णय देतात. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व लाभाच्या पदामुळे गेले. परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी जाहीर करू शकते. पण सलग चार दिवसांहून मोठी तहकुबी त्यात धरली जात नाही, त्यामुळे हे कलम क्वचितच लागू पडते. राजीनामा पीठासीन अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तो दबावाखाली दिलेला नाही, याची खात्री त्यांनी करायची, अशी तरतूद १९७४ पासून आहे.

जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर ती टाळता येते. नाशिकची स्मरणात राहिलेली पोटनिवडणूक १९६३ ची. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेव्हा इथून लोकसभेवर बिनविरोध गेले. पुण्यात मात्र मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा तशीच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पोटनिवडणुकीचा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुणेकरांना लोकसभेत खासदार नव्हता.