अर्ज स्वतःच्या हातानं: पाचारणातल्या जबाबदारीची पार्श्वभूमी

पाचारण म्हणजे बोलावणं, इथं मुख्यतः देवानं धर्मगुरू किंवा मठवासी होण्यासाठी घातलेली हाक. बोलावणारा एक, ओ देणारा दुसरा. पण ‘देवानं बोलावलं’ असं एकदा म्हटलं की पुढचं सगळं देवाच्याच खात्यावर मांडायची सोय होते: टिकलो तर त्याची कृपा, सुटलो तर ‘मला पाचारणच नव्हतं’. कॅथलिक परंपरेत ही पळवाट जुनी आहे, आणि ती बुजवायची खटपटही तितकीच जुनी.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात श्रीमंत तरुणाला खुद्द येशू बोलावतो: असेल ते विक, गोरगरिबांना दे, माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो आणि येशू त्याच्या मागे धावत नाही. हेच वचन इ. स. २७०च्या सुमारास इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणानं चर्चमध्ये ऐकलं आणि जमीनजुमला वाटून तो वाळवंटाच्या वाटेला लागला. आईवडील नुकतेच गेले होते, घरात धाकटी बहीण होती. तिला त्यानं व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केलं. तिचं मत कुणी विचारलं का, याचा चरित्रात उल्लेख नाही. पुढची हजारभर वर्षं नेमका हाच प्रश्न चर्चला छळणार होता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठासाठी नियमावली लिहिली. तिचं ५८वं प्रकरण अजूनही वाचण्यासारखं आहे. दार ठोठावणाऱ्याला लगेच आत घ्यायचं नाही, चार-पाच दिवस ताटकळू द्यायचं. मग वर्षभराची उमेदवारी. त्यात दोन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि त्यानंतर चार महिन्यांनी अशी तीनदा नियमावली वाचून दाखवायची. हा नियम, झेपत असेल तर आत ये, नसेल तर खुशाल जा. एवढं झाल्यावर उमेदवारानं वचनपत्र स्वतःच्या हातानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्यानं लिहावं, पण खूण त्याचीच हवी आणि वेदीवर ते ठेवायचंही त्यानंच. अंगावरचे कपडे उतरवून मठाचे घालायचे. जुने कपडे मात्र टाकायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे. उद्या तो निघून गेला तर ते परत द्यायचे. वचनपत्र मात्र परत मिळणार नाही, ते मठातच राहणार.

गंमत अशी, की लगेचच्या ५९व्या प्रकरणात आईबाप लेकराचा हात वचनपत्रासकट वेदीच्या वस्त्रात गुंडाळून त्याला मठाला वाहून टाकू शकतात. सही बापाची, आयुष्य पोराचं! ६३३मध्ये स्पेनमधल्या टोलेडोला भरलेल्या चर्चच्या परिषदेनं तर स्पष्टच म्हटलं, की बापाची भक्ती असो वा स्वतःची प्रतिज्ञा, दोन्हींनी माणूस मठवासी होतो. लहानपणी जर्मनीतल्या फुल्डाच्या मठाला वाहिलेल्या गोट्शाल्कनं मोठेपणी याविरुद्ध दाद मागितली. ८२९मध्ये माइन्त्सच्या धर्मसभेनं त्याच्या बाजूनं कौल दिला, पण मठाधिपती राबानस मौरुस प्रकरण सम्राटापर्यंत घेऊन गेला. शेवटी गोट्शाल्कचा मठ बदलला, मठवास काही सुटला नाही. पुढे थोर धर्मपंडित ठरलेल्या थॉमस अक्वायनसची कथा याच्या उलट. त्यालाही पोरवयात माँते कासिनोच्या मठात धाडलं होतं, पण १२४४मध्ये त्यानं स्वतःहून डॉमिनिकन हा उपदेशकांचा संघ निवडला, तेव्हा सख्ख्या भावांनी त्याला वाटेतून पळवून घरच्या किल्ल्यात जवळपास वर्षभर कोंडलं. तो बधला नाही.

ट्रेंट इथल्या चर्चच्या परिषदेनं १५६३मध्ये लगाम घातला. सोळा वर्षं पुरी होण्याआधी आणि वर्षभराच्या उमेदवारीशिवाय मठवासाची प्रतिज्ञा नाही. मुलगी असेल तर ती राजीखुशीनं येते आहे का, काय करते आहे हे तिला कळतं का, याची बिशपनं, म्हणजे त्या भागाच्या प्रमुख धर्मगुरूनं, चौकशी करायची. जबरदस्ती करणारा बहिष्कृत. कागदावर चोख. पण हुंडा वाचवायला मुली मठात लोटणारे बाप थांबले नाहीत. व्हेनिसच्या मठात आयुष्य काढलेल्या आर्कांजेला ताराबोत्तीनं (१६०४–१६५२) बापांच्या या जुलमावर जळजळीत लिहिलं. ते तिच्या मृत्यूनंतर छापलं गेलं आणि रोमनं ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं.

जबरदस्तीचा प्रश्न हळूहळू मागे पडला, तसा दुसरा पुढे आला: आतून आवाज ऐकू आला नाही तर? फ्रान्समध्ये यावर मोठा वाद झाला. पाचारण म्हणजे अंतःकरणाची ओढ, असं एक बाजू म्हणे. धर्मगुरू जोझेफ लाहितों म्हणाले, शुद्ध हेतू आणि अंगची पात्रता पाहून बिशप बोलावतात, तेच पाचारण. १९१२मध्ये पोप दहाव्या पायसनी नेमलेल्या कार्डिनलांच्या (पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या) मंडळानं लाहितोंची बाजू उचलून धरली. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. भावना येते-जाते, हेतू मात्र माणसाला तपासता येतो, आणि तपासावा लागतो.

जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४मध्ये पावित्र्याचं पाचारण सर्वांनाच आहे असं ठासून सांगितलं. कारागीर, विधवा, सरदार, ज्यानं त्यानं आपल्या जागी भक्ती करावी, हे बिशप फ्रान्सिस द सालनं १६०९मध्येच लिहून ठेवलं होतं. परिषदेनं त्याला पाया दिला. पुढच्याच वर्षी व्रतस्थांच्या आज्ञापालनालाही तिनं ‘जबाबदार’ हे विशेषण जोडलं. म्हणजे ‘वरिष्ठांनी सांगितलं म्हणून केलं’ एवढ्यावर आता सुटका नाही. १९९२मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी धर्मगुरूंच्या घडणीविषयी लिहिताना सगळी घडण अखेर स्वतःच स्वतःला घडवणं असते असं म्हटलं. सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, कितीही चांगली असली तरी उमेदवाराच्या वाट्याचं काम तिला करता येत नाही.

आज लागू असलेल्या चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत (कायद्यात) कलम २१९ प्रमाणे जीवनमार्ग निवडताना कुणावरही दडपण आणता येत नाही. कायमच्या व्रतांसाठी किमान वय २१. धर्मगुरूपदाच्या दीक्षेआधी उमेदवारानं आपण स्वेच्छेनं आणि कायमचे सेवेत येतो आहोत, असं सही करून द्यायचं. ते टंकलिखित चालत नाही, स्वतःच्या हातानंच लिहावं लागतं. आणि बेनेडिक्टच्या कोठीतले जुने कपडेही एका अर्थी जपलेले आहेत: संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण कलम ७०२ प्रमाणे संघानं त्याच्याशी न्यायानं आणि मायेनं वागायचं असतं.