हमामखान्याच्या गटारातले खडे

इंग्लंडच्या उत्तर टोकाला कार्लाइल शहर आहे. तिथल्या क्रिकेट क्लबच्या आवारात २०१७ साली रोमन हमामखाना सापडला आणि पुढे त्याच्या गटारातला गाळ उपसताना तीसहून जास्त कोरीव खडे हाती लागले. सगळे अंगठ्यांमधून निखळलेले. वेल्समधल्या कार्लिऑनच्या लष्करी हमामखान्याच्या गटारात तर ८८ मिळाले होते. खडा कोंदणात डिंकासारख्या चिकाने बसवलेला असे. गरम वाफेत तो चीक सुटायचा आणि मालकाला पत्ता लागेपर्यंत खडा पाण्याबरोबर गटारात!

कार्लाइलच्या एका जांभळ्या खड्यावर रोमन प्रेमदेवता व्हीनस आहे, हातात फूल किंवा आरसा. खडे बहुतेक हरभऱ्याएवढे, त्यामुळे नाक-डोळे किती बारीक असतील याचा अंदाज करा.

अंगठी नुसती मिरवायला नव्हती. पत्र बांधून मेणावर ती दाबली, की झाली सही. ठसा सुलटा यावा म्हणून चित्र उलटं आणि खोलगट कोरायचं. सम्राट ऑगस्टसने आधी स्फिंक्स वापरला, मग अलेक्झांडरचा चेहरा, शेवटी डायोस्क्युरिडीस नावाच्या कारागिराने कोरलेला स्वतःचाच. सत्ता मुरली की असंच होतं.

या कामाला लाल अकीक फार चाले. त्याचे स्फटिक इतके सूक्ष्म आणि एकमेकांत गुंतलेले असतात, की बारीक रेघ मारतानाही कपची उडत नाही. पण तो आहे लोखंडापेक्षा कठीण. मग लोखंडी गिरमिटाने कोरायचा कसा? गिरमिट फक्त फिरतो. कापते ती तेलात कालवलेली कुरुंदाची पूड. दहा अंकांच्या मोजपट्टीवर अकीकाची कठिणता सात, कुरुंदाची नऊ. रोमनांना ही पूड ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरून मिळे.

दगड मात्र पुष्कळदा आपल्या बाजूचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत पैठणहून भडोचला गाड्यांनी येणाऱ्या सुलेमानी दगडाची नोंद आहे. सुलेमानी हा अकीकाचाच पट्टेदार भाऊ. दख्खनचा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर साचून हे दगड तयार झाले. खाणीतून निघताना अकीक बऱ्याचदा मळकट पिवळा-तपकिरी असतो. तापवला की त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं, हेमटाईट हे तांबडं लोहखनिज उरतं आणि दगड लाल होतो. खंबातचे कारागीर आजही अकीक असाच भाजून काढतात.