व्यवहार-व्यवस्थापकाशी संवाद साधणारे मेनफ्रेम प्रोग्राम

टर्मिनलवरून (पडदा आणि कळफलक) आलेले संदेश मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकावरील ट्रान्झॅक्शन मॅनेजर, म्हणजेच व्यवहार-व्यवस्थापक, रांगेत लावतो आणि योग्य त्या प्रोग्रामकडे सोपवतो. हा प्रोग्राम टर्मिनलशी थेट बोलत नाही. संदेश कोठून आला, किती वेळ थांबला आणि उत्तर कोणत्या वाटेने जाईल, हे व्यवस्थापक पाहतो. प्रोग्रामने संदेश मागायचा, काम करायचे, उत्तर ठेवायचे आणि पुन्हा मागायचे, एवढेच त्याचे आयुष्य.

आयबीएमच्या दोन प्रमुख व्यवस्थापकांपैकी आयएमएसची उभारणी १९६६ मध्ये अपोलो मोहिमेतील सॅटर्न-५ अग्निबाणाच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी सुरू झाली. दुसरा, सीआयसीएस, १९६९ मध्ये बाजारात आला. पुढील विवेचन मुख्यतः आयएमएसविषयी आहे.

कोकणातील कित्येक घरे चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर चालली, म्हणून उदाहरणही पैसे पाठवण्याचेच घेऊ. चतुर्थीच्या आधी परळच्या मुलाने वेंगुर्ल्याला आईच्या खात्यात ५,००० रुपये पाठवले आणि हा व्यवहार आयएमएसवर होतो, असे धरू. संदेशाच्या आरंभी दोन बाइटांत त्याची लांबी, पुढील दोन बाइट व्यवस्थापकासाठी राखीव, मग जास्तीत जास्त आठ अक्षरांचा व्यवहार-संकेत आणि त्यानंतर खातेक्रमांक व रक्कम असते. लांबीत तिचे स्वतःचे दोन बाइटही मोजले जातात. पीएल/वन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र लांबीचे घर चार बाइटांचे असूनही मोजणीत दोनच धरतात, आणि कोबोल भाषेहून तिकडे गेलेल्यांना हे हमखास चकवते.

कोबोल प्रोग्राम ‘जीयू’ हाक देऊन संदेशाचा पहिला खंड घेतो, आणखी खंड असल्यास ‘जीएन’ने मागतो आणि ‘आयएसआरटी’ने उत्तर ठेवतो. प्रत्येक हाकेनंतर पीसीबी या संपर्कक्षेत्रात दोन अक्षरांचा स्थितिसंकेत येतो. तो कोरा असल्यास सारे ठीक. ‘क्यूडी’ म्हणजे या संदेशाचे खंड संपले, ‘क्यूसी’ म्हणजे रांगच रिकामी झाली, आता प्रोग्रामने थांबावे. संकेत न तपासता पुढे जाणारा प्रोग्राम चाचणीत बहुधा पार पडतो, कारण चाचणीत रांग आज्ञाधारक असते.

मुलाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि आईच्या खात्यात जमा होण्याआधी प्रोग्राम कोसळला, म्हणजे रोजच्या भाषेत अबेंड झाला, तर व्यवस्थापक वजावट मागे घेतो आणि ठेवलेले उत्तरही टाकून देतो. उत्तर व्यवहार पक्का होईपर्यंत बाहेर जातच नाही. एकेरी पद्धतीत, म्हणजे प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे पक्का होतो तेव्हा, पुढच्या संदेशासाठी दिलेली ‘जीयू’ हाक हाच व्यवहार पक्का होण्याचा क्षण असतो, हे नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही. शिल्लक अपुरी निघाली आणि आधी काही बदल केलेले असले तर ‘आरओएलबी’ने ते परतवून नकाराचे उत्तर ठेवता येते. ‘एक्स्प्रेस’ ठरवलेल्या वेगळ्या पीसीबीवरील संदेश मात्र अबेंड झाला तरी बाहेर जाऊ शकतो. तो मार्ग पैशांच्या उत्तरासाठी वापरू नये.

सर्वांत अवघड शिस्त विसरण्याची आहे. एकदा स्मृतीत आणलेला प्रोग्राम लागोपाठ अनेक संदेश हाताळतो आणि दोन संदेशांच्या मध्ये त्याची वर्किंग-स्टोरेज, म्हणजे त्याचे आकडे ठेवण्याची घरे, आपोआप साफ होत नाही. आधीच्या खातेदाराची शिल्लक तशीच राहिली आणि प्रोग्रामच्या एका फांदीत नवी शिल्लक वाचायची राहून गेली, तर वेंगुर्ल्याच्या पडद्यावर मालवणचा आकडा दिसतो. अबेंड होत नाही, नोंदीत काही उमटत नाही. ही चूक कित्येक दिवस दडून राहते, म्हणून प्रत्येक ‘जीयू’नंतर सर्व घरे कोरी करणे उत्तम. उलट, काही लक्षात ठेवायचेच असेल तर तेही तेथे ठेवून चालत नाही, कारण त्याच ग्राहकाचा पुढचा संदेश दुसऱ्याच रीजनमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालण्याच्या दुसऱ्या स्मृतिविभागात, जाऊ शकतो. त्यासाठी संभाषणात्मक व्यवहारांना व्यवस्थापकाच्या ताब्यातील एसपीए हे क्षेत्र मिळते.

सणाची गर्दी वाढली की एकच प्रोग्राम अनेक रीजनमध्ये एकाच वेळी चालवता येतो, आणि तेव्हा कुलुपांचा, म्हणजे एकाच्या वापरातील नोंद दुसऱ्यापासून राखून ठेवण्याचा, प्रश्न उभा राहतो. मुलगा आईला आणि आई मुलाला त्याच घटकेला पैसे पाठवू लागली, तर एक व्यवहार एका खात्यावर कुलूप लावून दुसऱ्याची वाट पाहतो आणि दुसरा नेमके उलट करतो. आयएमएस त्यांतील एकाला ‘यू०७७७’ संकेताने थांबवून त्याचा संदेश रांगेत परत ठेवतो. लिहिणाऱ्याने दोन्ही खाती नेहमी लहान क्रमांकापासून घेण्याचा नेम ठेवल्यास ही कोंडी होतच नाही.

सीआयसीएसमध्ये रांगेची ही चक्राकार मागणी नसते. तेथे एक पडदा दाखवून प्रोग्राम ‘रिटर्न’ करतो, चार अक्षरांचा पुढचा व्यवहार-संकेत आणि ‘कॉमएरिया’ या क्षेत्रात थोडी माहिती मागे ठेवून संपून जातो. ग्राहक चष्मा शोधत असला तरी प्रोग्राम त्याच्यासाठी जागा अडवून बसत नाही.