एस्पेरांतो सगळ्या भाषा गिळायला निघाली होती?

उदगीरच्या चहाच्या टपरीवर एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेचा विषय निघाला, की कुणीतरी ठोकून देतंच: “सगळ्या भाषा मोडून एकच करायला निघाले होते, फसलं. आता ती भाषा मेली.” यातलं काहीच खरं नाही.

ती घडवणारे डोळ्यांचे डॉक्टर झामेनहोफ आजच्या पोलंडमधल्या बियावीस्तोक गावचे. तिथं पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे एकमेकांकडे संशयानं बघत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडत मोठं झालेल्या उदगीरकराला हे चित्र समजावून सांगायला नको. 1887 मध्ये वॉर्सात त्यांनी या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं. घरची भाषा घरात राहू द्या, परक्याशी बोलायला एक सामाईक दुसरी भाषा असावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि मेली म्हणाल, तर जन्मापासून घरात ती बोलणारी माणसं आजही आहेत. थोडी, पण आहेत.

शिकायची का? नोकरीसाठी नक्कीच नाही. पण रचना बघण्यासारखी आहे. नाम ‘ओ’नं संपतं, विशेषण ‘आ’नं. ‘बोना’ म्हणजे चांगला. पुढं ‘माल’ लावा, ‘मालबोना’ म्हणजे वाईट. ‘लेर्नी’ शिकणं, ‘लेर्नेयो’ शाळा. जसं लिहिलं तसंच वाचायचं, आपल्यासारखं. शिवाय टेबल ‘ते’ आणि खुर्ची ‘ती’ का, ही भानगडच नाही. शब्द मात्र बहुतेक युरोपातले, त्यामुळं “सगळ्यांना सारखीच सोपी” हा दावाही मला पटत नाही.