स्नूकर : गंभीर आजारानंतरची व्यावसायिक कारकीर्द

कर्करोग, आतड्यांचा दीर्घकालीन विकार, मणक्याचे दुखणे अशा आजारातून उठून, किंवा आजार अंगावर घेऊनच, व्यावसायिक स्नूकरपटू करीत असलेली वाटचाल. स्नूकरमध्ये धावपळ नाही, त्यामुळे तो आजारी माणसालाही सहज झेपेल असा समज आहे. तो खरा नाही. एका हाताची बोटे टेबलाच्या कापडावर रोवून, हनुवटी क्यूला (चेंडू मारण्याच्या काठीला) टेकवून, कमरेतून वाकलेले शरीर फटक्याच्या क्षणी निश्चल ठेवावे लागते. पोट, पाठ व तळपाय यांपैकी काहीही दुखत असले तरी नेम ढळतो. जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना तर कमाल ३५ फ्रेमचा (डावांचा) असून दोन दिवसांत चार सत्रांत खेळला जातो.

या विषयाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण म्हणजे इंग्लंडचा अली कार्टर (जन्म २५ जुलै १९७९, कोलचेस्टर). विमानचालनाचा परवाना असल्यामुळे तो ‘कॅप्टन’ म्हणून ओळखला जातो. २००३ मध्ये त्याला क्रोन विकाराचे निदान झाले. या विकारात पचनमार्गाला वारंवार दाह होतो. तो शमतो, पण कायमचा जात नाही. वजन घटणे व थकवा हे त्याचे नित्याचे परिणाम होत. कार्टरची बहुतेक मोठी कामगिरी या निदानानंतरची आहे : २००८ व २०१२ च्या जागतिक स्पर्धांत उपविजेतेपद (दोन्ही वेळा रॉनी ओसलिव्हनकडून, १८–८ व १८–११ असा पराभव), २००८ च्याच स्पर्धेत १४७ गुणांचा कमाल ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळविलेले गुण), २००९ ची वेल्श ओपन, २०१० ची शांघाय मास्टर्स आणि २०१३ ची जर्मन मास्टर्स या स्पर्धांची विजेतेपदे. २०१२ च्या अंतिम फेरीपूर्वी प्रकृतीमुळे त्याने निवृत्तीचाही विचार केला होता. त्याची कहाणी बहुधा कर्करोगापासून सांगितली जाते. वास्तविक ती त्याच्या दहा वर्षे आधी सुरू होते.

२०१३ मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग झाला. त्यातून तो बरा झाला. परंतु मे २०१४ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान जाहीर झाले. रसायनोपचारांमुळे (केमोथेरपीमुळे) २०१४–१५ च्या हंगामाचा प्रारंभ हुकला. याच वेळी क्रमवारी गोठवण्याचा, म्हणजे गैरहजर खेळाडूचा क्रमांक घसरू न देण्याचा, प्रश्न पुढे आला.

व्यावसायिक स्नूकरची जागतिक क्रमवारी १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आरंभी ती फक्त मागील तीन जागतिक स्पर्धांवर आधारलेली होती. २०१०–११ च्या हंगामापासून ती वर्षातून अनेकदा सुधारली जाऊ लागली आणि २०१४ पासून गुणांऐवजी मागील दोन वर्षांत मिळालेली बक्षिसाची रक्कम हा तिचा आधार झाला. यातील मेख अशी, की खेळाडू रुग्णालयात असला तरी घड्याळ थांबत नाही : नवी रक्कम जमा होत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीची मात्र स्पर्धेगणिक वजा होत जाते. पहिल्या सोळांना शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहातील जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश असतो, मास्टर्स या निमंत्रितांच्या स्पर्धेचे निमंत्रणही त्यांनाच मिळते. सतराव्या क्रमांकापासून पात्रता फेऱ्यांची कष्टाची वाट सुरू होते. कार्टर परतेपर्यंत त्याचा क्रमांक तेरावर गोठवण्यात आला. ही मेहेरबानी नव्हे. शरीर बरे होत असताना पोटापाण्याचा धंदा हातचा जाऊ नये, एवढीच ती तरतूद होय.

पुनरागमन कोठून मोजावे, याबाबत दोन मते संभवतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हाँगकाँगच्या जनरल कप या निमंत्रितांच्या स्पर्धेत त्याने अंतिम फेरीत शॉन मर्फीला ७–६ असे हरविले. भावनिक दृष्ट्या हा क्षण मोठा खरा; तथापि ही स्पर्धा क्रमवारीत धरली जात नव्हती. २०१६ मध्ये चीनमधील युशान येथे वर्ल्ड ओपनच्या अंतिम फेरीत जो पेरीवर मिळविलेला १०–८ असा विजय हा अधिक सयुक्तिक टप्पा वाटतो, कारण तोवर संरक्षित क्रमांकाचा आधार संपलेला होता. २०२३ मध्ये त्याने टॉम फोर्डला १०–३ असे नमवून जर्मन मास्टर्स पुन्हा जिंकली. मास्टर्समध्ये २०२० साली ओसलिव्हनने माघार घेतल्यामुळे सतराव्या क्रमांकाच्या कार्टरला प्रवेश मिळाला आणि तो अंतिम फेरीपर्यंत गेला. तेथे स्टुअर्ट बिंगमने त्याला १०–८ असे हरविले. २०२४ च्या अंतिम फेरीत ओसलिव्हनने १०–७ अशी बाजी मारली.

मास्टर्सच्या करंडकाला २०१६ पासून पॉल हंटरचे (१४ ऑक्टोबर १९७८–९ ऑक्टोबर २००६) नाव आहे. लीड्सच्या या खेळाडूने २००१, २००२ व २००४ मध्ये ही स्पर्धा जिंकली, तिन्ही वेळा १०–९ अशा फरकाने. २००५ मध्ये त्याला चेता-अंतःस्रावी पेशींच्या दुर्मीळ अर्बुदांचे (गाठींचे) निदान झाले. उपचार चालू असतानाच तो खेळत राहिला. रसायनोपचारांनी हातापायांतील चेतातंतूंना इजा होऊन त्याच्या हातापायांना वेदना व बधिरता आली. स्नूकरपटूला बोटांच्या टोकांशी कापडाचा पोत आणि पायाखालची जमीन अचूक कळावी लागते. त्याच्या खेळाची घसरण या दृष्टीने पाहणे न्याय्य ठरेल. २००६–०७ चा संपूर्ण हंगाम विश्रांती घेता यावी म्हणून नियम बाजूला ठेवून त्याचा चौतिसावा क्रमांक गोठवण्यात आला. हंगामाच्या प्रारंभीच, सत्ताविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मणक्याच्या विकाराचे उदाहरण स्कॉटलंडच्या क्रिस स्मॉलचे आहे. ताठर मणक्याचा संधिवात असूनही त्याने २००२ मध्ये एलजी कप जिंकला. २००५ मध्ये मात्र त्याला निवृत्त व्हावे लागले. कॅनडाच्या बिल वर्बेन्यूकच्या बाबतीत अडचण औषधाचीच झाली. हाताच्या अनुवांशिक कंपावर तो आधी बिअरचा व पुढे प्रोप्रॅनोलॉलचा उपाय करीत असे. हे औषध बीटा-रोधक गटातले असून हाताचा कंप व हृदयाची धडधड कमी करते; नेमाच्या खेळांत त्याचा गैरफायदा घेता येत असल्याने त्यावर बंदी आली आणि वर्बेन्यूकची कारकीर्द संपुष्टात आली.