‘मोबाइल नंबर सांगा’: बिलाच्या काउंटरपासून विदा (डेटा) संरक्षण कायद्यापर्यंत

बिल होता होता काउंटरवरून हमखास विचारले जाते, ‘मोबाइल नंबर?’ आपण दहा आकडे म्हणून टाकतो. रांगेतल्या मागच्या चौघांनाही ते ऐकू जातात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नंबराला खरेदीची यादी, तारीख, रक्कम आणि दुकानाची शाखा चिकटते. अनेक कंपन्या पुढे अशा नंबरांची यादी समाजमाध्यमांच्या जाहिरात-यंत्रणेवर चढवतात. चढवण्याआधी प्रत्येक नंबराचा ‘हॅश’ काढतात, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याची 64 अक्षरांची एक ओळ तयार करतात. पलीकडच्या कंपनीकडेही आपल्या खातेदारांच्या नंबरांचे हॅश असतात. दोन ओळी जुळल्या की डायपर विकत घेणाऱ्याच्या फोनवर बेबी शाम्पूच्या जाहिराती सुरू होतात.

हॅश केला की माहिती निनावी होते, असे ग्राहकाला सांगितले जाते. ते खरे नाही. एका नंबराचा हॅश दर वेळी तोच येतो, म्हणून तर जुळणी होते. शिवाय भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होणारे, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढून मूळ नंबर शोधायला साध्या संगणकालाही काही तास पुरतात.

हा नंबर इतकी वर्षे मोकाट फिरला, त्याला कारण 2011 चे नियम. 2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा मुख्यतः ऑनलाइन व्यवहार, इलेक्ट्रॉनिक सही आणि हॅकिंगसाठी होता. 2005 मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँक-ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर लंपास केल्याचे उघड झाले आणि परदेशी ग्राहक-कंपन्या धास्तावल्या. 2008 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 43अ आले: संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली आणि कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यायची. एप्रिल 2011 च्या नियमांनी ‘संवेदनशील’ म्हणजे काय ते ठरवले: पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक. नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि खरेदीचा इतिहास या यादीत नव्हते. दुकानदारीचा सगळा विदा-व्यापार नेमका याच चार गोष्टींवर चालतो.

नकोशा कॉलवर दूरसंचार नियामकाने वेगळा इलाज केला. 1909 या क्रमांकावर ‘कॉल नकोत’ अशी नोंदणी करता येते, आणि 2025 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाअखेर ‘पी’ दिसला तर तो जाहिरातीचा समजावा. पण याने फक्त मेसेज अडतो. नंबर मूळ यादीत तसाच राहतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न 2017 पर्यंत लटकलेलाच होता. 1954 मध्ये आठ आणि 1962 मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठांनी तसा हक्क मान्य केला नव्हता. 2015 मध्ये आधारच्या खटल्यात केंद्र सरकारने याच निकालांचा आधार घेतला, म्हणून नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसवावे लागले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी त्या पीठाने एकमताने हक्क मान्य केला. विदा संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी त्याच सुमारास नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबई दंगलींची चौकशी करणारे. 2018 मध्ये त्यांनी अहवालाबरोबर विधेयकाचा मसुदाही दिला. 2019 चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, 81 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि ऑगस्ट 2022 मध्ये ते मागे घेतले गेले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली 11 ऑगस्ट 2023 रोजी.

या कायद्यात बिलाचा काउंटर थेट आला आहे. कलम 7 च्या उदाहरणात ग्राहक औषधांच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच एसएमएसने पाठवा म्हणून स्वतःहून माहिती देते. दुकानाने ती माहिती पोच पाठवण्यापुरती वापरायची. त्याच नंबरावर दिवाळीची ऑफर पाठवायची, तर वेगळी संमती हवी. ती मागण्याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी ग्राहक निवडेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीतही, मिळाली पाहिजे. एकाच खुणेत अटी, लॉयल्टी कार्ड आणि जाहिराती गुंडाळण्याची जुनी सवय इथेच गोत्यात येईल, कारण संमती स्पष्ट आणि त्या-त्या कामापुरतीच असावी लागते. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता यायला हवी. खरी अडचण तिथे आहे: नंबराची एक प्रत बिलिंगमध्ये, दुसरी एसएमएस एजन्सीकडे, तिसरी जाहिरात-यंत्रणेवर. पहिली पुसून उरलेल्या दोन विसरल्या, तरी जबाबदारी एजन्सीवर ढकलता येत नाही, मूळ कंपनीचीच राहते.

नियम नोव्हेंबर 2025 मध्ये राजपत्रात आले, पण कंपन्यांवरची बहुतेक बंधने 18 महिन्यांनी, मे 2027 मध्ये, लागू व्हायची आहेत. माहिती फुटली तर या कायद्यानुसार स्थापायच्या विदा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे आणि सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटींपर्यंत जातो. जुन्या संमतीने गोळा केलेल्या याद्यांबाबत ग्राहकाला नव्याने सूचना द्यावी लागेल, मात्र त्याने संमती काढून घेईपर्यंत वापर चालू ठेवता येतो.

एक बाब मला गंभीर वाटते. त्याच मे महिन्यात कलम 43अ रद्द होणार आहे आणि त्याबरोबर त्यातली भरपाईही जाईल. नव्या कायद्यातला दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचा नंबर फुटला त्याने आधी कंपनीकडे तक्रार करायची, जास्तीत जास्त 90 दिवस वाट पाहायची, मग मंडळाकडे जायचे. तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी त्या दंडातला रुपयाही त्याच्या हाती येत नाही.