होम आहे, हॉस्टेलला चालेल का?

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलची खोली ठरली होती आणि साहेब लॅपटॉपच्या दुकानात उभे होते. “मामा, यात विंडोज ११ होम आहे. दुकानदार म्हणतोय, होम म्हणजे घरच्यासाठी. हॉस्टेलच्या नेटवर्कला प्रो लागतं. वरचे पैसे भरून प्रो करून घेऊ का?”

“नको,” मी म्हटलं. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन आवृत्त्या, एक स्वस्त, एक महाग. पण दुकानदार अगदीच हवेत बोलत नव्हता. त्याच्या बोलण्याला इतिहास आहे, फक्त तो जुना झाला आहे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली, ती होम आणि प्रोफेशनल अशा दोन रूपांत. नेटवर्कच्या बाबतीत दोघींत खरंच फरक होता. शेअर केलेल्या फोल्डरला एका वेळी होममध्ये पाच जण जोडले जाऊ शकत, प्रोफेशनलमध्ये दहा. होममध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘पाहुणा’ धरला जाई, त्यामुळे अमक्याला फोल्डर दिसावं आणि तमक्याला दिसू नये, अशी निवड करता येत नसे. हॉस्टेलचं जाळं म्हणजे मुख्यतः एकमेकांच्या फाइली उचलण्याची सोय, असा तो काळ. (आपल्याकडच्या आयआयटींत त्या पिढीसमोर ‘डीसी प्लस प्लस’ या फाइली वाटायच्या सॉफ्टवेअरचं नुसतं नाव काढून बघा, चेहरा उजळतो.) तेव्हा पाच आणि दहा यांतला फरक जाणवायचा. आज होम असो की प्रो, ही मर्यादा वीसच आहे.

दुसरा फरक डोमेनचा, आणि तो आजही टिकून आहे. मोठ्या ऑफिसात कुठल्याही टेबलावर बसलं तरी तेच नाव आणि तोच पासवर्ड चालतो, कारण पासवर्ड तपासण्याचं काम समोरचा कॉम्प्युटर करत नाही. ते डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरकडे असतं. बदल्यात तो कॉम्प्युटर त्या सर्व्हरच्या हुकमात जातो: कुठलं सॉफ्टवेअर चढवायचं, पेन ड्राइव्ह चालू द्यायचा की नाही, सगळं वरून ठरतं. एक्सपी होमला या व्यवस्थेत सामील होता येत नसे, ११ होमलाही येत नाही. ‘होम नेटवर्कला चालत नाही’ ही समजूत इथून निघाली.

पण मुलांचे स्वतःचे लॅपटॉप कॉलेज सहसा आपल्या डोमेनमध्ये घेत नाही. घेऊ म्हणालं, तरी मी नको म्हणेन. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नाव आणि फ्लॅट नंबर विचारला, वहीत सही घेतली, तर त्यात गैर काही नाही. सेक्रेटरीने घराची किल्लीच मागितली तर? डोमेन म्हणजे किल्ली. हॉस्टेलच्या वाय-फायला फक्त वहीतली सही हवी असते.

एक्सपीच्याच काळात अमेरिकेतल्या कॉलेजांना कळलं, की हॉस्टेलचं जाळं कोलमडतं तेव्हा त्याला होम-प्रोचं सोयरसुतक नसतं. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाला ठिगळ दिलं. बहुतेकांनी ते लावलं नाही. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे जाळ्यावरून स्वतःच पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम, सुटला. त्याला कुणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. मशीन जाळ्यावर असलं आणि त्याचं १३५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे जाळ्यावरून आत यायचं दार, उघडं असलं, की पुरे. स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. आठवडाभरात वेल्चिया आला. हा भला वर्म म्हणे: ब्लास्टर काढायचा आणि ठिगळ स्वतःच उतरवून लावायचा. पण नवी मशीनं शोधताना तो पिंगचा, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणाऱ्या छोट्या निरोपांचा, इतका मारा करी, की जाळी त्यानेच तुंबली. रोगापेक्षा औषध जालीम!

आणि ऑगस्टअखेर म्हणजे अमेरिकेत मुलं हॉस्टेलवर परतण्याचे दिवस. सुट्टीत घरी लागण झालेली मशीनं एकाच इमारतीच्या एकाच जाळ्याला येऊन लागली. अनेक विद्यापीठांना ठिगळाच्या सीडी वाटाव्या लागल्या, आणि मशीन साफ झाल्याशिवाय जोडणी मिळेना. एक्सपीत फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत, होतीच, पण बाय डिफॉल्ट बंद. ती आपोआप चालू राहायला लागली ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून. या सगळ्यात होम आणि प्रोफेशनल सारखेच भाजले.

आता गेटवर काय होतं ते पाहू. बऱ्याच कॅम्पसवर वाय-फायसाठी ८०२.१एक्स हे मानक वापरतात. त्यात तीन पात्रं. तुमचा लॅपटॉप, छताला चिकटवलेला अॅक्सेस पॉइंट, आणि सर्व्हर रूममधला, ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर. गंमत अशी, की अॅक्सेस पॉइंटला तुमचा पासवर्ड माहीत नसतो आणि कळतही नाही. तो नुसता निरोप्या. सर्व्हरचा होकार येईपर्यंत तो लॅपटॉपची ओळख पटवणारी बोलणी तेवढी पुढे सोडतो, बाकी सगळं अडवतो. होकार आला की प्रत्येकासाठी वेगळ्या किल्ल्या तयार होतात. त्यामुळे एकाच वाय-फायवर असूनही शेजारच्या खोलीतल्याला तुमची वाहतूक घरच्या सामायिक पासवर्डवर वाचता येते तितक्या सहज वाचता येत नाही.

सेटिंगमध्ये या प्रकाराचं नाव दिसतं ‘डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ’, आणि इथे पुन्हा घोळ. एंटरप्राइझ म्हटल्यावर माणसाला वाटतं, होमला कसं जमणार? जमतं. हा एंटरप्राइझ वाय-फायचा, विंडोजचा नव्हे. होम, प्रो, उबंटू, मॅक, खिशातला अँड्रॉइड फोन, सगळ्यांना ही बोलणी येतात.

आवृत्तीपेक्षा महत्त्वाचं काय, तर पहिल्यांदा जोडताना समोर येणारा सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा प्रश्न, ज्यावर सगळे डोळे मिटून ‘कनेक्ट’ दाबतात. नेहमीच्या पद्धतीत आधी लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात एक बंद बोगदा तयार होतो, आणि त्याच्या आत एमएस-चॅप व्ही२ नावाच्या जुन्या रीतीने पासवर्डची खातरजमा होते. ही रीत कमकुवत आहे. २०१२ च्या डेफ कॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं, की ती फोडणं म्हणजे शेवटी डीईएस या जुन्या सांकेतिक कुलपाची एकच ५६ बिटांची किल्ली शोधणं. म्हणजे सगळी मदार बोगद्यावर. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या उद्योगी सीनियरने त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभं केलं आणि तुम्ही सर्टिफिकेट न बघता हो म्हटलंत, तर बोगदा थेट त्याच्या खोलीत उघडतो. तोच पासवर्ड कॉलेजच्या ईमेललाही असतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून सर्व्हरचं नेमकं नाव कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरकडून आधी घ्यावं आणि जुळवून पाहावं.

याच यंत्रणेवर एज्युरोम, म्हणजे आपल्या संस्थेच्या लॉगिनवर दुसऱ्या संस्थेचं वाय-फाय वापरायची सोय, उभं आहे, आणि परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलांना ते चांगलं ठाऊक असेल. २००२ च्या सुमारास युरोपात सुरू झालेली ही सोय आता शंभराहून अधिक देशांत आहे, भारतात ती अर्नेट हे शिक्षणसंस्थांना जोडणारं जाळं चालवतं. तुम्ही जर्मनीतल्या विद्यापीठात पाहुणे म्हणून गेलात, तर तिथला सर्व्हर तुमच्या नावात ‘अॅट’च्या चिन्हापुढे काय आहे ते पाहतो आणि विचारणा सर्व्हरांच्या उतरंडीतून तुमच्या मूळ संस्थेकडे पाठवतो. होकार तिथून येतो. यजमान संस्थेला तुमचा पासवर्ड कळतच नाही.

महागडी आवृत्ती उलट आडवी येते असंही घडलं आहे. २०२४ च्या २४एच२ अपडेटपासून विंडोज ११ प्रो पासवर्डशिवायचं ‘पाहुणा’ शेअरिंग उघडायला नकार देते आणि फाइल देवाणघेवाणीत डिजिटल सहीचा आग्रह धरते. होमवर सहीची ती सक्ती नाही. म्हणजे राउटरला पेन ड्राइव्ह लावून खोलीतल्या चौघांनी सामायिक साठा केला असेल, तर जास्त पैसे भरलेल्यालाच तो दिसेना अशी वेळ यायची. सुरक्षेच्या दृष्टीने प्रोचंच बरोबर आहे, पण पहाटे दोन वाजता सबमिशनच्या वेळी हे कोण समजून घेणार!

मग प्रो कुणी घ्यावं? वर्गात बसून खोलीतल्या मशीनचा पडदा विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने चालवायचा असेल, तर चालवून घेणाऱ्या मशीनवर प्रो लागतं. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरचा पूर्ण ताबा हवा, मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं हायपर-व्ही हवं, तरीही प्रो. नुसतं लिनक्स शिकायचं असेल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल होमवरही चालतं. शिवाय मायक्रोसॉफ्टशी करार असलेली काही कॉलेजं विद्यार्थ्यांना एज्युकेशन आवृत्ती फुकट देतात, त्यामुळे खिशात हात घालण्याआधी कॉलेजला विचारावं.

दुकानात खरं तपासायचं ते ‘एस मोड’. स्वस्त लॅपटॉपवर कधीकधी होम एस मोडमध्ये येते. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीही चढत नाही, कॉलेजचं व्हीपीएन किंवा परीक्षेचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, फक्त परत जाता येत नाही. आणि हॉस्टेलचं वाय-फाय जोडताना विंडोजमध्ये ‘पब्लिक’ हाच प्रकार ठेवावा, म्हणजे आपला लॅपटॉप इतरांना दिसत नाही. खोली आपली असली तरी जाळं सगळ्या इमारतीचं आहे.

भाच्याने होमच घेतलं. महिन्याभराने पुन्हा फोन: “मामा, वाय-फाय मस्त चालतंय, पण रूममेटचा प्रिंटर दिसत नाही. दोघंही एकाच वाय-फायवर आहोत. प्रो घेतलं असतं तर दिसला असता ना?”

नसता दिसला. हॉस्टेलच्या जाळ्यावर बहुधा क्लायंट आयसोलेशन चालू असतं. अॅक्सेस पॉइंट प्रत्येकाला इंटरनेटपर्यंत नेतो, पण एकमेकांशी बोलू देत नाही. दोन हजार तीनसारखा वर्म पुन्हा खोल्याखोल्यांतून धावू नये, याचीच ही एक तजवीज.

“प्रिंटरला यूएसबी केबल आहे का?” मी विचारलं.

“आहे वाटतं. खोक्यातच पडलीये.”